हिरवळ काढून सावली: लष्कर, ग्वाल्हेर इथल्या एका अंगणाच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

मापं घेतली. मंडळाच्या सभागृहापुढचं लॉन टेपने साधारण ६०० चौरस मीटर भरतं. दक्षिणेच्या भिंतीलगत दोन जुने कडुनिंब. फाटकाशी एक वड, त्याच्या बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक ठासलेले. बाकी सगळं उघडं. गवत म्हणजे 'सिलेक्शन वन' या नावाने आणलेली हरळीच. मागे बोअर आहे. मे उजाडला की दुपारनंतर ती हवा फेकायला लागते आणि टँकरवाल्याला फोन जातो.

कार्यकारिणीपुढे तीन सूचना आहेत: पेव्हर, प्लॅस्टिकचं गवत किंवा झाडं. सचिवकाकांचा जीव लॉनच्या भाड्यात अडकलेला. ग्वाल्हेरात लग्न म्हणजे मॅरेज गार्डन; फोटोत हिरवं अंगण दिसलं नाही तर पार्टी दुसरीकडे जाते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मला हिशेब मांडायला सांगितला आहे.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटलेली असताना हरळी हिरवी ठेवायची तर दिवसाला पाच-सहा मिलिमीटर तरी हवेत. सहा धरले तर रोज ३,६०० लिटर, आठवड्याला पंचवीस हजारांच्या वर. फवाऱ्यातून वाऱ्यावर उडतं ते वेगळं. आणि टंचाईच्या वर्षी याच गावात तिघरा धरणाचं पाणी घरांना एक दिवसाआड मिळतं.

१९ मार्च

वाळवंटी शहरांनी काय केलं ते वाचते आहे. आपण वाळवंटात राहत नाही. आपल्याकडे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो तीन महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि एप्रिल ते जून थरच्या बाजूने येणारा वारा आपल्याला राजस्थानातच नेऊन बसवतो. म्हणून त्यांचे धडे कामाचे, नकाशा मात्र आपला.

लास वेगासमध्ये वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. तिथल्या पाणी प्राधिकरणाने लोकांना लॉन उखडायला चौरस फुटामागे पैसे दिले. मीटर लावून केलेल्या तिथल्या अभ्यासात लॉनला वर्षाला चौरस फुटामागे सुमारे ७३ गॅलन पाणी लागलं आणि ठिबकवरच्या झाडाझुडपांच्या बागेला सुमारे १७ गॅलन. आपल्या भाषेत चौरस मीटरला जवळजवळ ३,००० लिटर विरुद्ध ७००. गंमत म्हणजे तिकडच्या काही लॉनमध्येही हरळीच असते. तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात.

२०२१ मध्ये नेव्हाडा राज्याने कायदाच केला. २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचं पाणी लास वेगास परिसरातल्या 'बिनकामाच्या' गवताला देता येणार नाही. बिनकामाचं म्हणजे रस्त्याच्या दुभाजकातलं, कचेऱ्यांच्या दर्शनी भागातलं, ज्यावर कापणाऱ्याशिवाय कुणाचा पाय पडत नाही असं. खेळाची मैदानं आणि स्वतंत्र घरांची अंगणं त्यातून वगळली आहेत. हा निकष मला आवडला. गवत चांगलं की वाईट असा वादच नाही. त्यावर कोण चालतं, एवढाच प्रश्न.

सचिवकाकांना तोच विचारला. लग्नाच्या तारखा सोडल्या तर लॉनवर कोण जातं? "कुणी जाऊ नये म्हणून तर साखळी लावली आहे," ते म्हणाले.

२७ मार्च

बैठक झाली. झाडांना मंजुरी मिळाली, पण मी एक अट लिहून घेतली: गवताचं पाणी थांबवण्याआधी दोन्ही कडुनिंबांना आणि वडाला स्वतःची पाण्याची सोय करायची. खजिनदारांना हे उलटं वाटलं. पाणी वाचवायला निघालो आणि पहिलं बिल नव्या नळीचं!

कारण लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा विचारेलच. लॉनलगतचं जुनं झाड वर्षानुवर्षं लॉनचंच पाणी पितं. त्याची तंतुमुळं वरच्या दीड-दोन फुटांत, फवारा पोचतो तिथवर पसरलेली असतात. गवत काढलं, फवारा बंद केला आणि बुंध्याशी दोन ड्रिपर टोचले, तर झाड दोन-तीन उन्हाळ्यांत शेंड्याकडून वाळत येतं. अमेरिकेच्या वाळवंटी शहरांत लॉन काढताना हीच चूक वारंवार होते: पाणी वाचतं आणि सावली जाते. बुंध्याशी दिलेलं पाणी जवळजवळ वाया जातं, पिणारी मुळं फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. म्हणून कडुनिंबाच्या घेराच्या कडेने गोल चर, त्यात नळी, आणि गवत जिवंत असतानाच पाणी सुरू. मुळांना नवीन जागी जायला वेळ लागतो.

९ एप्रिल

पाडवा. गुढीला डहाळे याच दोन झाडांचे. पालवी तांबूस, कोवळी. काम बंद.

१८ एप्रिल

दुपारी तीनला तापमानं घेतली. हातातली टेंपरेचर गन स्वस्तातली आहे, दोन-तीन अंश इकडेतिकडे. पाणी दिलेलं लॉन ३६. फाटकाजवळचे पेव्हर ५७. प्लॅस्टिकच्या गवताचा नमुना दुकानदाराने ठेवून दिला होता, तो उन्हात टाकला: ६८. खजिनदारांनी त्यावर चप्पल काढून पाय ठेवला आणि लगेच उचलला. त्या प्रस्तावाची चर्चा तिथेच मिटली. कडुनिंबाखालची कोरडी माती ३७.

काकांनी बरोबर मुद्दा पकडला: लॉन ३६ आणि सावली ३७, मग फरक काय? फरक जमिनीचा नाही, माणसाचा. लॉनवर उभं राहिलं तर पाय थंड आणि डोकं उन्हात. अंगाला जे भाजतं ते मुख्यतः सरळ ऊन आणि आजूबाजूच्या तापलेल्या भिंती-फरशांची धग. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरियान मिडेल यांनी नेमकं हेच मोजायला 'मार्टी' नावाचा गाडा बनवला आहे. माणसाच्या अंगावर सर्व बाजूंनी किती उष्णता येते ते तो टिपतो. फीनिक्समध्ये असली मोजमापं हौस म्हणून होत नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता.

रोज ३,६०० लिटर ओतून आपण जमीन थंड ठेवतो आणि वऱ्हाडी मंडपात पंखे लावून बसतात. यापेक्षा वेगळं स्पष्टीकरण मला द्यावं लागलं नाही.

३० एप्रिल

झाडांची यादी. सर्वात जास्त भांडण इथेच.

पहिली फरमाईश फॉक्सटेल पामची, रांगेत, "एंट्री छान दिसते" म्हणून. पाम म्हणजे खांब, सावली खांबाएवढी. लास वेगास आणि फीनिक्सच्या रस्त्यांवरही मैलोन्‌मैल ताडमाड लावून ठेवले आहेत आणि माणसं बसच्या थांब्यावर त्यांच्या बुंध्याच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात. दुसरी फरमाईश कोनोकार्पस: भराभर वाढतं, बारा महिने हिरवं. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बडोद्याच्या मावशींनी फोनवर सांगितल्यावर इथल्या काकूंचा विरोध मावळला. माझ्या कागदाला ते जमलं नसतं. गुलमोहर मीच खोडला. फांद्या ठिसूळ, आणि आपल्याकडची जूनमधली आंधी कुणाची गय करत नाही.

तिसरं नाव एका तरुण सभासदाने सुचवलं, "इथे आपोआप येतं ते लावा की." आपोआप येते ती विलायती बाभूळ. १९८० च्या दशकात चंबळच्या बेहडांत, म्हणजे घळींच्या उजाड मुलखात, विमानातून तिच्या बिया टाकल्या होत्या. नंतर तिने कुणाची परवानगी मागितली नाही. तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. नको.

तिचीच चुलतबहीण मात्र हवी: शमी. राजस्थानात खेजडी, तिकडचा राज्यवृक्ष. अमिरातीत घाफ, तिथला राष्ट्रीय वृक्ष. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात याच झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. ऐन एप्रिल-मेमध्ये, सगळे निष्पर्ण उभे असताना हिला नवी पालवी येते, कारण मूळ फार खोल जातं. वाढ सावकाश. हाच एक आक्षेप, आणि तो खरा आहे.

करंज घेतला: उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पानं, दाट सावली. चिंच एक. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की गळा गोड होतो अशी गाणाऱ्यांची समजूत, त्यामुळे गाण्याचे वर्ग घेणाऱ्या ताईंनी तिचं एक मत जास्तीचं टाकलं. बहावा दोन, रंगासाठी, हे मान्य करते. आपटा. आणि करधई, शिवपुरीच्या जंगलातलं. पावसाची नुसती दमट हवा लागली तरी ती हिरवी होते, असं तिकडचे लोक सांगतात. रोपवाटिकेत मिळणं कठीण, पण शोधायला लावलं आहे.

शिवाय सहा महारूख आणि शेवगे 'दाई' म्हणून. चार-पाच वर्षं सावली देतील, मग निघतील. ॲरिझोनाच्या वाळवंटात साग्वारो निवडुंगाचं पिल्लू मेस्किट किंवा पालो व्हर्देच्या आडोशालाच वाढतं. आपली करधईची रोपंही मे महिन्यात उघड्यावर टिकणार नाहीत. सगळी मिळून २४.

१५ मे

हरळी मारण्याचं काम. औषध फवारायचं नाही असं ठरलं. गवत आधी शेवटचं भरपूर पाणी पिऊ दिलं, मग खरवडून कापलं आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने दाबल्या. ओली जमीन आणि बंद प्लॅस्टिक, वर मे महिन्याचं ऊन. खाली मुळं शिजतात. चार-सहा आठवडे. पांढरट जाडसर दोरीसारखी खोडं जमिनीखाली पसरलेली असतात, त्यांचा एक तुकडा राहिला तरी हरळी परत येते. म्हणून भिंतीच्या कडेला, जिथे ऊन कमी, तिथे माळी दद्दा खुरप्याने एकेक दोरी ओढून काढताहेत. "बिटिया, दूब को मारना पाप है," असं म्हणत म्हणतच.

पापाची सोय केली. बोअरच्या बाजूला दोन बाय तीन मीटरचा वाफा दूर्वांसाठी राखला. गणपतीला विकत आणायला नको. काकू खूश.

२४ मे

खड्डे. पारा ४५ च्या पुढे, म्हणून काम पहाटे पाच ते नऊ. वर वीतभर लॉनची माती, तिच्याखाली चुन्या-विटांचा मलबा, मग हाताच्या खोलीवर कंकरचा थर. दगड नव्हे, पण पहार आपटली की ठिणगी उडते असा. प्रत्येक खड्ड्यात पाणी भरून पाहिलं. ज्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं, तिथे पहारीने कंकरचा थर आरपार फोडला, मधोमध एक नळकांड्यासारखं भोक खालच्या मातीपर्यंत. हे केलं नाही तर आपण झाडासाठी कुंडी बनवतो, तीही भोक नसलेली.

खत-माती मिसळायची नाही, निघालेलीच माती परत, मलबा तेवढा चाळून बाहेर. दद्दांना हे पटत नाही. शेणखत खड्ड्यात हवंच, त्यांचं म्हणणं. तडजोड: खत वरून, आच्छादनाखाली. मूळ खड्ड्यातल्या मऊ मेजवानीत गोल गोल फिरत बसलं तर बाहेर कशाला जाईल?

३ जून

या कामात मला सगळ्यात जास्त रस आहे तो उतारात. जुनं लॉन पायवाटेपेक्षा चार बोटं उंच होतं. पाऊस पडला की पाणी लॉनवरून फरशीवर, फरशीवरून फाटकातून गल्लीत, आणि गल्लीतून स्वर्णरेखा नदीत. ते उलटं करायचं. झाडांची आळी पायवाटेपेक्षा वीतभर खाली. पाणसळ आणि पाण्याची नळी घेऊन पूर्ण सकाळ गेली.

सभागृहाचं छत साधारण ३०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३०० लिटर. वर्षाचे ८०० मिलिमीटर, त्यातला पाचवा हिस्सा गळती-वाफेत सोडला तरी १ लाख ९० हजार लिटर. आजवर हे सगळं पत्र्याच्या नळीतून थेट गटारात जात होतं. आता नळी तोडून पहिल्या आळ्यात, ते भरलं की दुसऱ्यात, असं फाटकापर्यंत.

ही पद्धत पाहावी तर ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात. तिथल्या डनबार/स्प्रिंग मोहल्ल्यातले लोक १९९६ पासून दरवर्षी एकत्र येऊन रस्त्याकडेला झाडं लावताहेत आणि फुटपाथची कड कापून रस्त्यावरचं पावसाचं पाणी झाडांच्या आळ्यात घेताहेत. २००८ मध्ये शहराने नियम केला: नव्या व्यापारी इमारतींनी बागेचं निम्मं पाणी पावसातून भागवायचं. टूसॉनचा वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरही धड नाही. आपल्याला त्याच्या अडीचपट मिळतो आणि आपण टँकर बोलावतो.

६ जून

वडाभोवतीचे पेव्हर उचलले, सहा फुटांचा घेर मोकळा. आजच का, तर इथल्या हिंदी शेजारणींची वटसावित्री आज अमावास्येला आणि आपली पौर्णिमेला, २१ तारखेला. एकाच वडाला महिन्यात दोनदा सूत. मजुरांना त्या बायकांनी दोन तास थांबवून ठेवलं. पेव्हरखालची माती इतकी घट्ट की तिच्यात खिळा जाईना. कुदळ लावली नाही. सळईने भोकं पाडून त्यात कंपोस्ट भरलं.

५ जुलै

दोन दमदार सरी झाल्या, लागवड सुरू.

रोपं गुडघ्याएवढी ते कमरेएवढी घेतली. काकांना दहा फुटी हवी होती, "उद्घाटनाला दिसतील अशी". मोठ्या झाडाचा वर पसारा असतो आणि खाली पिशवीएवढंच मूळ. ते पहिले दोन उन्हाळे नुसतं तग धरण्यात घालवतं, आणि लहान रोप तोवर त्याला गाठतं. पिशव्या फाडल्यावर तळाशी मुळं वेटोळं घालून बसलेली दिसली. सहा-सात रोपांत तर अंगठ्याएवढं मूळ तीन फेरे मारून आलेलं. ती वेटोळी कात्रीने कापली. बघणाऱ्यांना भीती वाटली, पण न कापलेलं वेटोळं झाडासोबत जाड होत जातं आणि दहा-बारा वर्षांनी त्याच झाडाचा गळा आवळतं. बुंधा जिथे मुळाला रुंदावतो ती जागा जमिनीच्या दोन बोटं वर ठेवली. आळ्यात झाड लावताना हे विसरतात; पाणी बुंध्याला लागत राहतं आणि साल कुजते. म्हणून आळ्याच्या मधोमध उंचवटा, झाड त्यावर, पाणी भोवती.

आच्छादन: उसाच्या रसवाल्यांकडची चिपाडं. फुकट मिळतात, पण ओली टाकली तर मुंग्या आणि माशा. गच्चीवर आठ दिवस वाळवून मग वीतभर थर, बुंध्यापासून चार बोटं लांब.

१३ सप्टेंबर

दोन दिवस झड. घरातून निघता आलं नाही. पाऊस थांबल्यावर गेले तर सगळी आळी तुडुंब आणि फाटकाजवळच्या शेवटच्या आळ्यातून पाणी नीट सांडव्याने बाहेर पडत होतं. सांडवा दगडांनी बांधून घेतला होता तो यासाठीच. ग्वाल्हेरकरांना सांडव्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आपला तिघरा १९१६ मध्ये बांधून झाला आणि पुढच्याच वर्षी फुटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी आळी कोरडी, दोन सोडून. डासांचे दिवस, डेंग्यूची भीती. पाणी एक दिवसापेक्षा जास्त उभं राहू द्यायचं नाही. त्या दोन आळ्यांत पहार घालून कंकर आणखी फोडला. त्यातलं एक शमीचं होतं. ती काढून उंचवट्याच्या जागी नेली, तिथला करंज इकडे आणला. करंजाला पाय ओले चालतात.

१२ ऑक्टोबर

दसरा. मांढरेच्या मातेच्या देवळाजवळ शमीपूजन आटोपून लोक थेट मंडळात. आपल्याकडेही आता शमी आहे हे कळल्यावर 'सोनं' लुटायला पोरं तयार! रोप छातीएवढं, शंभर पानंही नसतील. दद्दांनी काठी घेऊन पहारा दिला. पुढच्या वर्षीपासून दसऱ्याला शमीभोवती जाळी लावायची, हे टाचणात.

२० नोव्हेंबर

देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशी झाली, लग्नं सुरू. बुकिंग पडेल असं वाटलं होतं, तितकं पडलं नाही. मधली दीडशे चौरस मीटरची मुरूम ठोकलेली जागा मंडपाला पुरते. पण नवे शत्रू कळले. टेंटवाले बांबूची भोकं थेट आळ्यात पाडतात, कारण माती मऊ. हलवाई भट्टी लावतो ती करंजापासून चार फुटांवर. भातावरचं उकळतं पाणी, भांडी धुतलेलं खारट-साबणी पाणी, सगळं जवळच्या आळ्यात, "पेड़ को पानी मिल गया" म्हणत. आणि प्रत्येक रोपाला लायटिंगची माळ इतकी घट्ट की साल सोलली जाते.

बुकिंगच्या पावतीवर चार ओळी छापून घेतल्या. भट्टी मागच्या अंगणात, बांबू मुरुमात, पाणी मोरीत, माळा भिंतीवर. अनामत रक्कम त्यासाठीच. काकांनी न मागता रक्कम वाढवली. बाजू बदललेला माणूस फार कडक असतो.

८ जानेवारी २०२५

धुकं, थंडी. बहाव्याचे शेंडे काळे पडले. शेवग्याचेही. पोती गुंडाळली, पाणी पंधरा दिवसांतून एकदा.

२३ मार्च

पाण्याचा हिशेब. ठिबक आठवड्यातून एकदाच, पण प्रत्येक रोपाला ६० लिटर, सावकाश. रोज थोडं दिलं तर मूळ वरच राहतं आणि जूनमध्ये जमिनीसोबत भाजतं. २४ रोपांचे १,४४०. दोन कडुनिंब आणि वड मिळून ७५०. दूर्वांचा वाफा २५०. आठवड्याला अडीच हजारांच्या आत; लॉन याच्या दसपट घेत होतं.

खजिनदारांनी बैठकीत विचारलं, पुढच्या वर्षी आणखी किती कमी होईल? कमी होणार नाही, वाढेल. झाडं मोठी होतील, घेर वाढेल, नळीचं वर्तुळ दरवर्षी बाहेर सरकवावं लागेल. शमी आणि करधई तीन-चार वर्षांनी बाहेरच्या पाण्याशिवाय जगतील; करंज आणि चिंचेला कडक उन्हाळ्यात घोट लागेलच. वाचलेल्या पाण्यातला हा हिस्सा झाडांच्या नावाने इतिवृत्तात लिहून घेतला. नाहीतर दुसरी कार्यकारिणी येईल, टँकरचं शून्य बिल पाहून खूश होईल आणि ठिबकाचा कॉक बंद करेल.

बोअरचं पाणी जड आहे, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा चुना जमतो. महिन्यातून एकदा टोक उघडून नळी धुवायची.

१९ मे

दुपारी अंगणात उभं राहवत नाही. उघड्या मुरुमाचं तापमान ५४. खरं सांगायचं तर आजच्या घडीला हे अंगण लॉनपेक्षा गरम आहे, आणि अजून दोन-तीन उन्हाळे राहील. झाडं लावली म्हणजे सावली झाली असं नाही, आणि ज्या शहरांनी गवत काढून नुसती खडी टाकली त्यांची गत तर कायमची अशीच. तोवर मुरुमावर हिरवी जाळी ताणली आहे. तिच्याखाली ४२.

महारूख मात्र दोन पुरुष उंच झाला. त्याच्या पूर्वेच्या सावलीतली करधई हिरवी आहे. उघड्यावरच्या दोन करधया गेल्या. एक बहावा गेला. चिंच आणि शमी ठीक. शमीला नवी पालवी, ऐन लूमध्ये, पोपटी. जुन्या कडुनिंबांच्या शेंड्यांकडे रोज बघते आहे: एकही वाळकी फांदी नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला कडुनिंबाखाली रिक्षावाले, भाजीवाली आणि शाळेतून परतलेली चार पोरं बसलेली होती. साखळी कुणी काढली ते कळलं नाही. दद्दांना विचारलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

८ जुलै

मेलेल्या तीन जागा भरायच्या आहेत. करधया दोन, दोन्ही महारूखाच्या पूर्वेला. बहाव्याच्या जागी वायवर्ण. शिवपुरीच्या रोपवाटिकेला कळवलं: पिशवी लहान चालेल, मूळ वेटोळं झालेलं नको, आणि गाडी सकाळी आठच्या आत पाठवा. चिपाडांचा थर बसून चार बोटं उरला आहे. रसवाल्यांकडून नवीन आणायचा. दक्षिणेच्या भिंतीलगत तीन ठिकाणी हरळीने डोकं वर काढलं आहे. दद्दा उद्या खुरपं घेऊन येताहेत.